शेरवुड रेंजर्सच्या इतिहासाचं पुनर्मुद्रण: मजकूर पुरा, नकाशे अर्धे

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या अनेक योमनरी रिसाल्यांनी आपापले इतिहास छापून घेतले. त्या मूळ प्रती आता सहसा हाती लागत नाहीत आणि लागल्याच तर परवडत नाहीत. म्हणून जुनी प्रत स्कॅन करून मागणी येईल तशी एकेक छापून देणारे प्रकाशक आले आहेत. त्यांची पार्सलं रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीपर्यंत पोचतात. समोर आहे ती नॉटिंगहॅमशायरच्या शेरवुड रेंजर्स योमनरीच्या इतिहासाची अशीच एक प्रत. आकार सहा बाय नऊ इंच, पातळ कार्डाचं कव्हर, गोंदाची बांधणी. मजकुरासाठी ही प्रत जरूर घ्यावी, नकाशांसाठी घेऊ नये. आणि ती कोकणात ठेवायची असेल तर आल्याआल्या तिच्यावर थोडी मेहनत करावी, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत पानं सुटी होतात.

योमनरी म्हणजे काय हे सांगायला मराठीत एक शब्द तयारच आहे: शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. १७९४ मध्ये फ्रान्सच्या स्वारीची धास्ती होती, तेव्हा पंतप्रधान पिटच्या सरकारने काउंटी-काउंटीतून स्वयंसेवक घोडदळ उभं करायला सुरुवात केली. योमन म्हणजे स्वतःची जमीन राखून असलेला शेतकरी. अधिकारी जमीनदार घराण्यांतले, शिपाई त्यांची कुळं आणि आसपासचे शेतकरी. घोड्याची सोय ज्याची त्याने करायची, शस्त्रं सरकारने द्यायची. कवायत सवडीने, आणि वर्षातून काही दिवस सलग. देशाबाहेर जाण्याची सक्ती नाही. शिलेदाराचं पोट मोहिमेवर चालायचं, योमनचं शेतावर. हा एक फरक सोडला तर मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटायचं कारण नाही.

सुरुवातीचं शतक अशा इतिहासांत भराभर उरकलेलं असतं, आणि तिथेच वाचकाने सावध राहावं. फेब्रुवारी १७९७ मध्ये वेल्समधल्या फिशगार्डजवळ फ्रेंच सैन्य उतरलं. त्याला शरण आणणाऱ्यांत कॅसलमार्टिन योमनरी होती. पुढे पेम्ब्रोक योमनरी झालेल्या या रिसाल्याच्या नावावर फिशगार्डचा युद्धसन्मान आहे, आणि ब्रिटनच्या भूमीवरच्या लढाईसाठी दिलेला तो एकमेव. ही गोष्ट योमनरीच्या इतिहासांत मोठ्या अभिमानाने येते. पण योमनरीचं त्या काळातलं नित्याचं काम शत्रूशी लढण्याचं नव्हतं, आपल्याच देशातल्या माणसांना आवरण्याचं होतं. संघटित पोलीस दल अजून उभं राहायचं होतं. १८११ पासून नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी यंत्रं फोडली, १८३१ च्या ऑक्टोबरात जमावाने नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मँचेस्टर अँड सॅल्फर्ड योमनरी तलवारी उपसून सभेत घुसली. किमान १५ माणसं मेली, शेकडो जखमी झाली. तो रिसाला वेगळा, शेरवुड रेंजर्स तिथे नव्हते. पण जात तीच: जमीन असलेला घोड्यावर आणि मजूर पायी. रिसाल्याचे इतिहास रिसाल्याच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले असतात, त्यामुळे असे प्रसंग ‘शांतता राखली’ एवढ्या शब्दांत संपतात. या भागासाठी इंग्लंडमधल्या कामगार चळवळीचं एखादं पुस्तक सोबत ठेवावंच.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापासून मजकूर भरू लागतो. डिसेंबर १८९९ मध्ये एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफॉन्टेन आणि कोलेन्सो असे तीन पराभव झाले, आणि २४ डिसेंबरला इम्पीरियल योमनरी उभी करण्याचं फर्मान निघालं. इथे नावं शोधणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. दक्षिण आफ्रिकेत रिसाले अखंड गेले नाहीत, त्यांनी कंपन्या दिल्या, आणि कंपन्यांना नवे क्रमांक मिळाले. शेरवुड रेंजर्सची कंपनी होती १० वी, तिसऱ्या बटालियनमधली. पदकांच्या आणि मृतांच्या याद्यांत रिसाल्याचं नाव न येता हा क्रमांक येतो. तो माहीत नसेल तर यादीत असलेला माणूसही सापडत नाही.

१ एप्रिल १९०८ रोजी योमनरी टेरिटोरियल फोर्स या अर्धवेळ सैन्यात गेली आणि वर्षाला १५ दिवसांचं शिबिर ठरलं. टेरिटोरियल सैनिकावरही परदेशी जाण्याची सक्ती नव्हती, त्यासाठी वेगळी सही द्यावी लागे. १९१४ मध्ये सही देणारे आणि न देणारे वेगळे करावे लागले, त्यातून पुढच्या सगळ्या कागदपत्रांत दिसणारे अपूर्णांक आले. १/१ म्हणजे परदेशी गेलेली पहिली ओळ, २/१ म्हणजे मायदेशी राहिलेली दुसरी ओळ, ३/१ म्हणजे भरतीच्या माणसांना तयार करणारी तिसरी. हे तीन वेगळे रिसाले होते. स्कॅनमध्ये १/१ मधली तिरकी रेघ अनेकदा पुसट होते आणि ११ वाचलं जातं, किंवा २/१ चं २१ होतं. समोरच्या प्रतीतही परिशिष्टात हे झालं आहे. शंका आली तर त्याच ओळीतलं ठिकाण पाहावं. माणूस १९१६ मध्ये ग्रीसमधल्या सालोनिकाला असेल तर तो पहिल्या ओळीतलाच.

आता नकाशांकडे येऊ, कारण तक्रार मुख्यतः तिथे आहे. त्या काळच्या इतिहासांत नकाशे घडीचे असत, पुस्तकाच्या पानाच्या दुप्पट-तिप्पट रुंद. स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलीच नाही, तर नकाशाचा वरचा पदर तेवढा छापला जातो आणि उरलेला नाहीसा होतो. उलगडून दोन तुकड्यांत स्कॅन केला, तर ते पानाच्या दोन बाजूंना येतात आणि मधली पट्टी बांधणीत जाते. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा: अख्खा नकाशा आक्रसून एका पानात बसवलेला. तो पुरा दिसतो, पण त्यावर ‘एक इंच म्हणजे एक मैल’ असं लिहिलेलं असतं आणि ते आता खोटं झालेलं असतं. दहा इंचांचा नकाशा पाच इंचांत बसवला की एक इंच म्हणजे दोन मैल होतात. अशा नकाशावर लिहिलेल्या प्रमाणावर कधीही विसंबू नये. खालची मोजपट्टी नकाशाबरोबर आक्रसलेली असते, ती बरोबर राहते. कर्कटकाने त्या पट्टीवरून अंतर घ्यावं आणि मग मोजावं. समोरच्या प्रतीत हे तिन्ही प्रकार आहेत.

नकाशाविना काय हरवतं ते २१ ऑगस्ट १९१५ च्या मजकुरात कळतं. घोडे इजिप्तमध्ये ठेवून योमनरी पायदळ म्हणून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरली होती. त्या दुपारी दुसरी माउंटेड डिव्हिजन, तिच्यात शेरवुड रेंजर्स, लाला बाबा टेकडीकडून सुव्हलाच्या खाऱ्या तळ्याचं कोरडं पात्र ओलांडून चॉकलेट हिलकडे निघाली आणि तिथून सिमिटर हिलवर चढली. उन्हाळ्यात सुकलेलं खाजण किंवा मार्च-एप्रिलमधलं मिठागर डोळ्यांसमोर आणावं: सपाट, पांढरं, गवताचं पातंही नाही. हजारो माणसं रांगेत चालत त्यावरून गेली, समोरच्या टेकड्यांवर तुर्की तोफा. नकाशात टेकडी ते टेकडी अंतर दिसलं की पुढची मृतांची यादी वाचताना तिचा अर्थ लागतो. प्रतीत नेमका हाच नकाशा मधोमध बांधणीत गेला आहे.

तो स्वतः करून घेणं अवघड नाही. आजच्या ऑनलाइन नकाशावर डोंगरउतार दाखवणारं दृश्य निवडावं, मोजपट्टी दिसेल इतकं जवळ जावं, आणि पडद्याचं चित्र झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री कागदावर काढून घ्यावं. त्यावर ट्रेसिंग पेपर टाचून पुस्तकातली नावं पेन्सिलने भरावीत. जुनी अरबी आणि तुर्की गावनावं इंग्रजांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, शिवाय आज कित्येकांची हिब्रू नावं झाली आहेत, म्हणून नावावरून शोधण्यापेक्षा नदी, टेकडी आणि रेल्वेमार्ग यांवरून जागा पक्की करावी. मैलांचे किलोमीटर करताना १.६ ने गुणलं की पुरे. पूर्ण झालेला नकाशा पुस्तकात चिकटवू नये, मागच्या कव्हराला आतून कागदी खिसा करून त्यात ठेवावा.

गॅलिपोलीनंतर सालोनिकाची आघाडी, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात पुन्हा इजिप्त. सालोनिकाचा भाग गस्ती आणि हिवतापाचा आहे, तो चाळला तरी चालतो. थांबायचं ते १९१८ मध्ये, कारण इथून ही कहाणी आपली होते. २१ मार्चला जर्मनांनी फ्रान्समध्ये मोठा हल्ला चढवला, आणि पॅलेस्टाइनमधले नऊ योमनरी रिसाले घोड्यांवरून उतरवून तिकडे हलवायचं ठरलं. शेरवुड रेंजर्सचा जुना जोडीदार साउथ नॉट्स हुसार्स त्यांत होता. ज्या जहाजाने तो निघाला ते लीझो कॅसल २७ मे रोजी अलेक्झांड्रियाबाहेर पाणतीराने बुडालं, शंभराहून अधिक माणसं गेली. रिकाम्या जागी फ्रान्समधून हिंदी रिसाले आले. शेरवुड रेंजर्स आता १४ व्या घोडदळ ब्रिगेडमध्ये होते, आणि ब्रिगेडमधले दुसरे दोन रिसाले होते २० वा डेक्कन हॉर्स आणि ३४ वा पूना हॉर्स.

म्हणजे तीन रिसाल्यांतले दोन हिंदी, आणि एकाच्या नावात पुणं. पूना हॉर्सचं मूळ १८१७ च्या पुणे तहाने उभ्या राहिलेल्या घोडदळात आहे. हे दोन्ही रिसाले शिलेदारी पद्धतीचे. सवार घोडा आणि सरंजाम आपल्या पैशाने आणी किंवा त्यासाठी रिसाल्याकडे रक्कम भरी, आणि पगारातून घोड्याचा सांभाळ करी. परदेशात घोडा मेला की दुसरा कुठून आणायचा, या एका प्रश्नापुढे ती पद्धत महायुद्धात मोडली आणि युद्धानंतर बंद झाली. नॉटिंगहॅमचा योमन आणि हिंदी शिलेदार एका ब्रिगेडमध्ये शेजारी उभे राहिले तेव्हा दोघांचीही स्वतःच्या घोड्याची व्यवस्था अखेरच्या दिवसांत होती. रिसाल्याच्या इतिहासकाराचं लक्ष मात्र आपल्या रिसाल्यापुरतं असतं. शेजारच्यांची नावं ब्रिगेडच्या यादीत येतात आणि मग ‘उजवीकडचा रिसाला’ एवढेच राहतात. प्रत वाचताना समासात पेन्सिलने ‘पूना’ आणि ‘डेक्कन’ लिहीत गेलं तर चित्र पुरं होतं.

हैफाच्या पानांवर ही प्रत आपली किंमत वसूल करून देते. २३ सप्टेंबर १९१८ चा हैफाचा हल्ला मराठी घरांत फिरणाऱ्या संदेशांमुळे बऱ्याच जणांना माहीत आहे, पण तलवारी-भाले घेतलेले घोडेस्वार तोफांवर धावून गेले, एवढाच. प्रत्यक्ष आखणी अशी होती. हिंदी संस्थानांच्या फौजांच्या १५ व्या इम्पीरियल सर्व्हिस ब्रिगेडमधल्या जोधपूर लान्सर्सनी कार्मेल डोंगर आणि किशोन नदी यांच्यामधून शहरावर जायचं. मैसूर लान्सर्सच्या एका स्क्वॉड्रनने डोंगर चढून वरच्या तोफा गाठायच्या. मदतीला बी बॅटरी, ऑनरेबल आर्टिलरी कंपनी. आणि १४ व्या ब्रिगेडकडून घेतलेला शेरवुड रेंजर्सचा एक स्क्वॉड्रन मैसूरवाल्यांच्या पाठोपाठ कार्मेलवर. जोधपूरचे घोडे नदीपाशी आले तर काठची रेती रुतणारी निघाली. भरती ओसरल्यावर वरून घट्ट दिसणारा आणि पाऊल टाकताच मांडीपर्यंत घेणारा खाडीचा चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. त्यांनी मशीनगनच्या माऱ्याखाली डावीकडे वळून डोंगराच्या पायथ्याने वाट काढली. जोधपूरचे मेजर दलपतसिंह कामी आले. शहर हाती आलं, १,३५० कैदी आणि १७ तोफा मिळाल्या. या विजयाचा मान जोधपूर आणि मैसूरचाच. पण डोंगरावर त्यांच्यामागे इंग्लंडमधले शेतकरी घोडेस्वार होते, हे सांगितल्याने तो तसूभरही कमी होत नाही, आणि न सांगितल्याने इतिहास अर्धा राहतो. हैफाचा नकाशा प्रतीत आक्रसलेला आहे तरी मोजपट्टी शाबूत आहे, तेवढ्यावर काम भागतं.

त्यानंतर दमास्कस, आणि २६ ऑक्टोबरला अलेप्पो. या दोन्ही ब्रिगेड ज्यात होत्या त्या पाचव्या घोडदळ डिव्हिजनने ३८ दिवसांत साडेपाचशे मैल कापले. या दौडीत गोळीपेक्षा हिवताप आणि इन्फ्लुएंझा यांनी जास्त माणसं खाटेला लावली. रेंजर्सचं पुढचं आयुष्य या पुस्तकात नाही. १९४० मध्ये ते पुन्हा घोड्यांसह पॅलेस्टाइनला गेले, तोब्रुक आणि क्रीटमध्ये किनाऱ्याच्या तोफा सांभाळल्या, मग रणगाड्यांवर आले, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या गोल्ड बीचवर उतरले. आज रॉयल योमनरीचा एक स्क्वॉड्रन म्हणून ते नाव चालू आहे, आणि अजूनही अर्धवेळच.

आता प्रतीच्या देहाबद्दल. गोंदाच्या बांधणीत पानं जुजांनी, म्हणजे घडीच्या पानांच्या गठ्ठ्यांनी, शिवलेली नसतात. सुट्या पानांच्या कडा खरवडून गरम गोंदात बसवलेल्या असतात. पुस्तक मधोमध उघडून तळहाताने दाबलं की कणा तडकतो, आणि दमट हवेत कागद फुगतो-आक्रसतो तसतशी ती भेग वाढते. गावातल्या बांधणीवाल्याकडे दोन उपाय असतात. बाजूने टाके घालणं सोपं आणि स्वस्त, पण कण्याकडचा समास १८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ओळींची टोकं टाक्यांत जातात. समोरच्या प्रतीत समास त्याहून कमी आहे, म्हणून दुसरा उपाय योग्य: कव्हर सोडवून कण्याला करवतीने दीड मिलिमीटर खोल चार-पाच आडव्या खाचा पाडायच्या, त्यांत जाड सुती दोरा बसवायचा, वर पांढरा फेव्हिकॉल आणि पातळ कापड, मग नवा पुठ्ठा. काम देताना खळ वापरू नका असं स्पष्ट सांगावं. मैद्याची खळ कसरीला आमंत्रण देते. खळीत मोरचूद घातलं तर कसर येत नाही, पण काही वर्षांत कागद कडेने तपकिरी पडून ठिसूळ होतो.

छायाचित्रांबद्दल आशा ठेवू नये. जुन्या छपाईतले ठिपके स्कॅनमधल्या ठिपक्यांवर बसले की जाळी उमटते, घोडा आणि माणूस वेगळे दिसत नाहीत. त्याला उपाय नाही.

मागवण्याची वेळ दसऱ्यानंतरची धरावी. जून-जुलैत पार्सलचं खोकं ओलं होऊन येतं आणि आतला कागद लाटेसारखा उठतो. तसं झालंच तर उन्हात ठेवू नये, पानं वाकडी राहतात. दर वीसेक पानांत कोरा टिपकागद घालून पंख्याखाली सुकवावं आणि मग वजनाखाली ठेवावं. पावसाळ्यात पुस्तक भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावं, सोबत सिलिका जेल. कोकणातल्या हवेत ते लवकर भरतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. डांबराच्या गोळ्या किड्यांवर चालतात, बुरशीवर नाही.

कोकणातला वाचक अशा पुस्तकाकडे बऱ्याचदा वेगळ्या कारणाने वळतो. कित्येक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत १९१४ ते १९१९ ची संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लढाईला गेले, इतके परतले नाहीत. ती नावं या पुस्तकात शोधू नयेत. मागची नामावली फक्त रेंजर्सची आहे, आणि कोकणातली बहुतेक माणसं मराठा पायदळ पलटणींतून गेली होती. त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा ऑनलाइन शोध मोफत आहे. नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावं: सावंतमधला ‘व’ कधी डब्ल्यूने, कधी व्हीने, शिंदेमधला ‘श’ कधी नुसत्या एसने. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावं बसराच्या स्मारकावर, इजिप्त-पॅलेस्टाइनमधल्यांची हेलिओपोलिसच्या पोर्ट तौफिक स्मारकावर सापडण्याची शक्यता जास्त. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुकाही असतो. रेंजर्सबरोबर लढलेल्या हिंदी रिसाल्यांचा रोजचा हालहवाल हवा असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत युद्धदैनंदिन्या आहेत. तिथे रिसाल्याच्या नावाने शोधण्याआधी ब्रिगेडच्या क्रमांकाने शोधावं.

ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: घडीचे नकाशे उलगडून छापले आहेत का, परिशिष्टं आणि सूची पूर्ण आहेत का, कण्याकडचा समास किती मिलिमीटर. पुस्तक आलं की पुढची नकाशांची यादी काढून एकेक नकाशा पडताळावा, मग शेवटच्या शंभर पानांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहावं, आणि हे सगळं परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकावं.